जुन्या कविता आणि कथा वाचून मुलांचे शब्द खरंच वाढतात का?

खाडीपलीकडचा

आमच्या गावच्या वाचनालयात दर शनिवारी आठवी-नववीची पोरं जमतात आणि आम्ही जुन्या कविता, जुन्या लघुकथा वाचतो. पालकांची मागणी एकच असते, ‘शब्दसंपत्ती वाढवा.’ खोदून विचारलं तर कळतं की निबंधात चार वजनदार शब्द आले म्हणजे झालं. त्यासाठी समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांची पुस्तकं मिळतात, पोरं ती घोकतात, मार्चमध्ये उतरवतात आणि आंबे पिकेपर्यंत विसरतात.

माझं मत आधीच सांगतो, भांडायला बरं. शब्द एकटा टिकत नाही, तो ओळीतच उचलावा लागतो. कविता पाठ असली की शब्दाला चाल मिळते. कथा वाचली की तो कोण म्हणालं, कुणाला म्हणालं आणि कुठल्या रागात म्हणालं हे कळतं. यादीत यातलं काहीच नसतं.

उदाहरण द्यायचं तर दिवस कलल्यावरचे शब्द घ्या. यादी सांगते : संध्याकाळ, सायंकाळ, सांज, तिन्हीसांज, कातरवेळ, सगळे समानार्थी. आता आपल्याकडच्या कुठल्याही घरात जा. तिन्हीसांजेला केर काढायचा नाही, झोपायचं नाही, उंबऱ्यात बसायचं नाही. म्हणजे त्या शब्दाबरोबर नियमांचं गाठोडंच येतं. कातरवेळेला असले नियम नाहीत, तिला हुरहूर आहे. घरचं माणूस अजून परतलेलं नाही अशी ती वेळ. दिवेलागण म्हटलं की हात कामाला लागतात, देवापाशी वात लावायची आहे, गुरं आत घ्यायची आहेत. हे तीन शब्द एकमेकांच्या जागी टाकून बघा, वाक्य लंगडतं. आरती प्रभूंच्या १९६२ च्या संग्रहाचं नावच ‘दिवेलागण’ आहे. त्या जागी ‘सायंकाळ’ ठेवून पाहिलं तेव्हा पोरंच हसली.

आम्ही वहीत शब्दापुढे अर्थ लिहीत नाही. ज्या ओळीत शब्द भेटला ती अख्खी ओळ उतरवतो. पुढच्या शनिवारी वही मिटून ओळ म्हणायची, आठवली तर शब्द आपला झाला. कोकणातले बाकीचे लोक काय करतात? मुलांना काय देता, कुठून सुरुवात करता?

दर्यावर्दी

हौस म्हणून ठीक आहे हो. पण माझी पुतणी स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे. तिला केशवसुतांच्या ‘तुतारी’ कवितेतलं ‘मरणालागुनि’ कुठे वापरायचं आहे? तिनं रोज एक अग्रलेख वाचावा, अनोळखी शब्द अधोरेखित करावेत आणि पुढे जावं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची भाषा वाचून आजची भाषा कशी सुधारणार?

खाडीपलीकडचा

अग्रलेख वाचावेतच, त्यात वाद नाही. पण महिनाभर वाचून बघा, तेच शब्द फिरून येतात. ऐरणीवर, कळीचा मुद्दा, धोरणलकवा. शंभर-दीडशे शब्दांचा संसार आहे तो.

आणि ‘मरणालागुनि’ वापरायचं कुणी सांगितलं? ते ओळखायचं. ‘लागी’, ‘लागुनि’ म्हणजे ‘ला, कडे, साठी’ हे एकदा कानाला समजलं की अभंग, ओव्या, आरत्या सगळीकडचं कुलूप उघडतं. ओळखीचे शब्द आणि वापरातले शब्द यांच्यात नेहमीच फरक राहतो, पहिला साठा दुसऱ्याच्या कितीतरी पट मोठा असतो. तुम्ही स्वतः ‘तद्वत’ शेवटचं कधी बोललात? पण वाचलं तर अडत नाही ना!

पाटीपेन्सिल

मी चिपळूणकडे इंग्रजी शिकवते, त्यामुळे दुसऱ्या बाजूनं बोलते. शब्द वाचनातून येतात की पाठांतरातून, यावर इंग्रजीत भरपूर संशोधन झालेलं आहे. हू आणि नेशन या संशोधकांचा २००० सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. कथा कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायची तर तिच्यातले साधारण ९८ टक्के शब्द आधीपासून माहीत असावे लागतात, असा त्यांचा निष्कर्ष. पानावर अडीचशे शब्द धरले तर अनोळखी फार तर पाच. त्याहून जास्त झाले की मूल संदर्भावरून अंदाज बांधू शकत नाही. जो शब्द अडला त्याच्या शेजारचा शब्दही अडलेला असतो.

हा आकडा इंग्रजीचा आहे, मराठीला जसाच्या तसा लावू नये. आपल्याकडे एका ‘पाणी’ची पाण्यात, पाण्याला, पाण्यावाचून अशी किती रूपं होतात! पण शिक्षक म्हणून मला त्यातलं तत्त्व पटतं. म्हणून उत्साहाच्या भरात आठवीतल्या मुलाच्या हातात जी. ए. कुलकर्णी देऊ नका. पहिल्या पानावर मूल गळपटतं आणि ‘मराठी अवघड आहे’ असं ठरवून टाकतं.

कवितेला मात्र हा हिशोब मी लावत नाही. बालकवींची ‘औदुंबर’ फक्त आठ ओळींची आहे. त्यात पाच शब्द अडले तरी आठ ओळी दहादा म्हणता येतात. आठ पानांची कथा कोण दहादा वाचणार? आणि आज शिकलेलं पुन्हा पुन्हा, दिवसांचं अंतर ठेवून समोर आलं तरच टिकतं, हे एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ मध्येच दाखवून दिलं आहे. आता मोबाइलवरचे शब्दपत्त्यांचे ॲप त्याच तत्त्वावर चालतात. आपल्याकडे रोज संध्याकाळी पाढे-श्लोक म्हणायचा परवचा होताच की.

मालवणी मसालो

माका हो धागो आवडलो. आमच्या घरात वाचणारा कोण नाय हुता, पण गजाली सांगणारी माणसां रग्गड हुती. शाळेत गेलंय तेवा माका वाटलां, आमचे शब्द गावठी आणि पुस्तकातले तेवढे खरे.

आता प्रमाण भाषेत लिहितो, नायतर पुण्याची मंडळी अर्थ विचारत बसतली.

आमच्या सिंधुदुर्गातून केवढी माणसं मराठीत गेली बघा. आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर वेंगुर्ल्याकडचे, मंगेश पाडगावकर जन्मानं वेंगुर्ल्याचे, जयवंत दळवी आरवलीचे, विंदा करंदीकर देवगड तालुक्यातले. वि. स. खांडेकर सांगलीचे, पण १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याला मास्तर होते. यांचं वाचताना मला जे झालं ते सांगतो. पुस्तकात मळभ भेटलं, गाज भेटली, पुळण भेटली. हे तर आमच्या आवशीच्या तोंडातले शब्द! तोपर्यंत मी निबंधात ‘समुद्राच्या लाटांचा आवाज’ लिहीत होतो. ‘गाज’ लिहिलं तर मास्तर खोडतील अशी भीती.

विंदांचं मुलांसाठीचं ‘पिशी मावशी आणि तिची भुतावळ’ घ्या. बाहेरच्या पोरांना ‘पिशी’ समजावून द्यावं लागतं. आमच्याकडे ‘पिसो’, ‘पिशी’ म्हणजे वेडा, वेडी, हे शेंबडं पोर सांगेल. तोच शब्द ‘वेडापिसा’मध्ये सगळ्या महाराष्ट्रात चालतो, पण निम्मा भाग कुणाला उमगत नाही. पोरांना सांगा की तुमच्याकडे आहे तोही शब्दसाठाच, लाजू नका.

खाडीपलीकडचा

मसालोभाऊ, अगदी हेच आमच्याकडे ‘श्रावणमासी’ला झालं. ‘क्षणात येते सरसर शिरवे’ ही ओळ सगळ्यांना पाठ, ‘शिरवे’ म्हणजे काय ते कुणालाच सांगता येईना. एक मुलगी घाबरत म्हणाली, आजी म्हणते ना, ‘शिरवं येऊन गेलं, वाळवण उचला’, तेच का हे? तेच, पावसाची छोटीशी सर. बालकवी खानदेशातले, पण शब्द तिच्या ओटीवर होता. नवा शब्द तिला शिकवावाच लागला नाही. पाठ्यपुस्तकातल्या ओळीची आणि आजीच्या वाक्याची गाठ घालून दिली, बस्स.

शब्दकोशी

धागा वाचून राहवलं नाही. कोश बघण्याबद्दल कुणीच बोललेलं नाही म्हणून लिहितो. आधीच सांगतो, लांबण लागेल.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला, दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत निघाला, पुढे पुरवणीही आली. हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात, देवनागरीत शब्द टाकून शोधता येतो. तरी लोक म्हणतात ‘शब्द सापडला नाही’. सापडत नाही याची कारणं बहुतेक वेळा ठरावीक असतात.

पहिलं कारण, पोरं कवितेतलं रूप जसंच्या तसं टाकतात. ‘झाकळुनी’ कोशात नसणार, ‘झाकळणें’ बघायचं. ‘तयांतुनि’चा ‘तो’ करायचा. सामान्यरूप सोडवून मूळ शब्द काढणं हाच अर्धा अभ्यास आहे, आणि तो याद्या घोकून कधीच होत नाही.

दुसरं कारण जुनं शुद्धलेखन. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या छपाईत गांव, कांहीं, जळांत असंच दिसेल. आणि आपण बोलताना ज्याचा शेवट ‘अं’ करतो ते जुन्या कोशात ‘एं’ असतं. केळं म्हणजे ‘केळें’, तळं म्हणजे ‘तळें’, वर आलेलं शिरवं म्हणजे ‘शिरवें’. एवढं मुलांना सांगितलं तर शंभर शब्दांचा शोध वाचेल.

आता गंमत. दाते-कर्व्यांच्या कोशात काही शब्दांपुढे कंसात ‘कों.’ असतं, म्हणजे कोंकणातला. काहींपुढे ‘राजा.’ असतं. माझ्या भाच्यानं ठामपणे सांगितलं होतं की हे राजेलोकांचे शब्द! ते राजापूर आहे. सुट्टीत मुलांना एकच काम द्या, आपल्या तालुक्याची खूण असलेले शब्द कोशातून हुडकायचे आणि त्यातले घरात अजून कोण बोलतं ते शोधायचं.

दर्यावर्दी

कोशाचं काम माझ्यासारख्याला आवडलं, कबूल. तरी माझा आक्षेप अर्धा शिल्लक आहे. सगळे कठीण शब्दांच्या मागे लागला आहात. परीक्षक कठीण शब्दांना भुलत नाहीत. साधा शब्द बरोबर जागी पडणं महत्त्वाचं.

पाटीपेन्सिल

यात तुमच्याशी सहमत आहे, आणि त्यासाठीच पुन्हा ‘औदुंबर’ पुढे करते. शेवटची ओळ बघा, ‘पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर’. यातला सगळ्यात अवघड शब्द कोणता? मुलं ‘औदुंबर’ म्हणतात. मला विचाराल तर ‘असला’. रोजच्या बोलण्यात आपण ‘असला कसला रे तू’ म्हणतो, म्हणजे बहुतेक वेळा नावं ठेवायला. इथे ‘असला’ म्हणजे कसला? थोर? उदास? बेफिकीर? जाणत्या समीक्षकांनी यावर एकमेकांचे कान पकडले आहेत. वर्गात वीस मिनिटं या एका शब्दावर भांडण होतं, आणि त्यानंतर मुलांच्या लिखाणातला ‘असला’ बदलतो. यादीतून ‘असला’ शिकवता येईल का? त्याला समानार्थी शब्द तरी कोणता देणार?

मुलुंडचा चाकरमानी

मूळ गाव गुहागर तालुक्यात, मुलगी इंग्रजी माध्यमात सहावीत. देवनागरी वाचते पण अडखळत. तिला बालकवी झेपणार का? आणि आम्ही गणपतीला आठ दिवस आणि मे महिन्यात जेमतेम पंधरा दिवस गावी असतो.

खाडीपलीकडचा

वाचायला लावू नका, ऐकवा. तुम्ही वाचा, ती ऐकेल. अडखळणाऱ्या मुलाची सगळी ताकद अक्षरं जुळवण्यात जाते, अर्थाला उरत नाही. विंदांच्या, पाडगावकरांच्या बालकविता मोठ्यानं म्हणायला उत्तम, त्यातला गमतीचा भाग कानालाच कळतो.

गावी आल्यावर तिला आजी-आजोबांच्या मागे सोडा. पाखाडी उतरताना ‘पाखाडी’ म्हणा, ‘स्टेप्स’ म्हणू नका. गडगा, वई, आगर, पडवी, खळं, खाजण, कातळ, सडा, सगळं पायाखाली आहे. मग वाचताना हे शब्द आले की तिला चित्र दिसेल. भूगोलाच्या पुस्तकात ‘मतलई वारे’ आणि ‘भांगाची भरती’ पाठ करणारी पोरं आमच्या बंदरावर रोज उभी असतात आणि होडीच्या तांडेलाला कधी काही विचारत नाहीत, याचं मला नेहमी नवल वाटतं.

एक दिवस काढून मालगुंडला जा. तवसाळहून फेरीबोटीनं जयगड, तिथून पुढे रस्ता. केशवसुतांचा जन्म १८६६ चा, मालगुंडचा, तिथे त्यांचं स्मारक आहे. जाण्याआधी ‘झपूर्झा’च्या दोनचार ओळी म्हणून घ्या. ‘हर्षखेद ते मावळले, हास्य निमाले, अश्रु पळाले’. मावळणं, निमणं, पळणं, नाहीसं होण्याच्या तीन तऱ्हा एका दमात. सहावीतल्या मुलीला एवढं पुरे. ‘झपूर्झा’ हा शब्द मुली खेळताना म्हणतात त्या ‘जा पोरी जा’वरून आला असं सांगतात, ते ऐकून ती तिथेच फुगडी घालायला लागेल.

आगरवाला

कवितेवरच गाडी अडली आहे. कथांचं काय? शीर्षकात कथाही आहेत ना?

पाटीपेन्सिल

माझा क्रम सांगते. आधी द. मा. मिरासदार आणि शंकर पाटील, कारण हसू आलं की मूल पान उलटतं. मग व्यंकटेश माडगूळकर. ‘माणदेशी माणसं’ १९४९ चं पुस्तक आहे, वाक्यं आखूड, विशेषणं मोजकी. आपल्या मुलांना माणदेश म्हणजे दुसरा देश. पाऊस नसलेल्या मुलखाचे शब्द त्यांना तिथे भेटतात, आणि आपल्याकडे पावसाला इतके शब्द का आहेत हेही आपोआप ध्यानात येतं. त्यानंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले. खानोलकरांच्या कथा दहावीनंतर. जीएंना त्याहूनही नंतर.

शब्दकोशी

जीएंच्या कथा नंतर द्या, पण संग्रहांची नावं आत्ताच द्या! निळासावळा, पारवा, हिरवे रावे, रक्तचंदन, काजळमाया, पिंगळावेळ. सहा नावांत किती रंग आणि पाखरं आहेत ते मुलांना शोधू द्या. ‘रावा’ म्हणजे पोपट हे किती जणांना येतं बघा. आणि ‘निळासावळा’ (१९५९) म्हटल्यावर ‘औदुंबर’ची दुसरी ओळ आठवते का, ‘निळासावळा झरा वाहतो’? कवितेत भेटलेला शब्द कथासंग्रहाच्या मुखपृष्ठावर पुन्हा भेटला की पाटीपेन्सिलबाईंच्या त्या जर्मन माणसाचं काम आपसूक होतं.

खाडीपलीकडचा

कथेबद्दल आमची पद्धत : पहिल्यांदा मी वाचतो, कुणी अर्थ विचारायचा नाही, वही बंद. गोष्ट काय झाली एवढंच कळू दे. दुसऱ्यांदा पोरं आळीपाळीनं वाचतात आणि फक्त संवादांवर थांबतात. हे पात्र असंच का बोललं, दुसरं कसं बोललं असतं? इथे शब्द सापडतात. खेकसला, पुटपुटला, डाफरला, करवादली, फणकारली. एरवी मुलांच्या लिखाणात सगळी माणसं नुसती ‘म्हणाली’ असतात. तिसऱ्यांदा वाचायची वेळ आली तर कथा चांगली होती असं समजायचं.

सगळं सुरळीत चालतं असं नाही. पाठांतराला पटाईत असलेली दोन पोरं कविता धाडधाड म्हणतात आणि मधली ओळ विचारली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. त्यांना आता उलट्या क्रमानं ओळी म्हणायला लावतो. कुरकुर चालू आहे.

दर्यावर्दी

पुतणीला ‘औदुंबर’ आणि हा धागा दोन्ही पाठवलं. तिचं उत्तर : अग्रलेख सोडणार नाही, पण झोपण्याआधी आठ ओळी म्हणायला हरकत नाही. ‘असला’वर तिचं म्हणणं, झाड बेफिकीर आहे. मला ते थकलेलं वाटतं. घरात दोन तट पडले आहेत, पाटीपेन्सिलबाई, याला जबाबदार तुम्ही.

आगरवाला

माडगूळकर आणि मिरासदार आमच्या तालुक्याच्या वाचनालयात आहेत, पण खानोलकरांचे कथासंग्रह दिसले नाहीत. कुठे मिळतील?

मालवणी मसालो

सावंतवाडीच्या श्रीराम वाचन मंदिरात विचारा. तुम्ही उत्तरेकडचे असाल तर रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय बघा, १८२८ पासूनचं आहे. कपाटात दिसलं नाय म्हणून परत फिरू नका, ग्रंथपालाक नाव सांगून काढूक लावा. ‘चाफा आणि देवाची आई’ गावला तर आधी ताच वाचा, मगे हंयच येवन सांगा.